सासूबाईंनी पारखलेला आवाज

मंडईत मेथीची जुडी हातात धरून उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, की आपण आता मरणार. रविवारची सकाळ होती. एकाएकी छातीत धडधडायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, आजूबाजूचा गलका लांबून ऐकू यावा तसा झाला. "ताई, पिवळी नाहीये हो ती, कवळी आहे, बघा तरी," असं भाजीवाल्या मावशी म्हणत होत्या आणि मी त्यांच्याच ओट्याला टेकून खाली बसले. त्यांनी माझ्या तोंडावर भाजीवर मारायचं पाणी मारलं आणि माझ्याच फोनवरून माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं.

दवाखान्यात हृदयाचा आलेख, ईसीजी, काढला. तरुण डॉक्टर होते. कागदाची पट्टी माझ्यासमोर धरून म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे मॅडम. हा पॅनिक अटॅक असावा. औषध आत्ता देत नाही, पण एखाद्या समुपदेशकांना भेटून घ्या."

ठणठणीत आहे हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर मी डोळे मिटून काढते. आणि ज्याला काहीही झालेलं नाही अशा हृदयापायी मी मंडईत फतकल मारून बसले होते. रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं, "घरी आईंना काही सांगू नकोस. उन्हानं चक्कर आली म्हण."

तो बरं म्हणाला. तो चाकणच्या कारखान्यात पाळीवर काम करतो आणि बायकोच्या व आईच्या मध्ये बोलायचं कमीत कमी ठेवतो. वीस वर्षांचा संसार त्यामुळेच सुखाचा झाला, असं त्याचं म्हणणं आहे.

आम्ही शनिवार पेठेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली पहिली बरीच वर्षं ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडण्यात गेली. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की ऐकणाऱ्याला दोन दिवस पुरतं. लग्न होऊन मी वर्धेकडच्या आमच्या गावातून पुण्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "या घरात तुला कुणी उगाच बोलणार नाही. पण मीठ जास्त झालं तर जास्त झालं असंच म्हणणार." तसंच त्यांनी केलं. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यावर भरवसाही होता. पण हे प्रकरण त्यांच्या कानावर जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

मंडईनंतर तो प्रकार पुन्हा झाला. एकदा वर्गात, एकदा बसमध्ये. मग तो होईल की काय या धास्तीनंच होऊ लागला. मंडईत जाणं मी बंद केलं. नवऱ्यानं मोबाईलवर शोधून एक सोय काढली. व्हिडिओ कॉलवर एक मुलगी यायची, पंचविशीतली, गोड चेहऱ्याची. कुठल्या शहरात बसलेली असायची कोण जाणे. तिला मराठी येत नव्हतं. ती इंग्रजीत विचारायची, की त्या वेळी तुम्हाला आतून काय वाटतं. शाळेच्या तपासणीला अधिकारी येतात तेव्हा मी इंग्रजीत बोलते. त्यामुळे मी तिलाही तपासणीला द्यावीत तशीच उत्तरं दिली. सगळं नीट चाललंय, थोडा ताण आहे, झोप कमी आहे. तिनं मला खूप छान गुण दिले म्हणायचे, आणि चौथ्या वेळेनंतर मीच ते थांबवलं. बिचारीची काही चूक नव्हती.

त्यानंतर एका सहकारी शिक्षिकेनं सुचवलेल्या एका गृहस्थांकडे मी शनिवारी दुपारी जाऊ लागले. सुंदर ऑफिस, काचेचं टेबल, कोपऱ्यात छोटं कारंजं. ते तासातली चाळीस मिनिटं स्वतः बोलायचे. सकारात्मक विचारांनी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात काय काय बदललं हे मला त्या महिन्यात अगदी पाठ झालं. घरी मी शाळेची मीटिंग असल्याचं सांगत होते.

चौथ्या शनिवारी मी चप्पल काढत होते, तर सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "शाळेच्या मीटिंगहून माणूस तोंड पाडून येतं हे मला पटतं. पण दर शनिवारी?"

मी काढलेली चप्पल पुन्हा उचलून नीट लावली.

"तुझी ती दवाखान्याची फाइल कपाटात माझ्या पातळांखाली ठेवलीयेस. लपवायला घरात दुसरी जागा नव्हती का?"

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या. त्या म्हणतील, मनाला उद्योग नाही, आम्ही नाही का काढले दिवस, असं काहीतरी. मी त्याची वाट बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "ते गृहस्थ बोलतात की ऐकतात?"

"बोलतात."

"मग तुझं काय काम तिथं? व्याख्यानं फुकट असतात पुण्यात."

सोमवारी मी शाळेतून आले तर सासूबाई फोनजवळ वही घेऊन बसलेल्या. आमच्या जुन्या डॉक्टरांकडून त्यांनी चार-पाच समुपदेशकांचे नंबर आणले होते आणि त्या एकेकाला फोन लावत होत्या. मी हात जोडले. "अहो आई, असं नसतं करायचं. आणि मला विचारायचं तरी!"

"तू गप्प बस. मी तीस वर्षं लोकांना लोक जोडून दिलेत. आवाजावरून मला माणूस कळतो."

फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता. मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जे ऐकलं ते मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या ठिकाणी कुणी मुलगा त्यांना म्हणाला, की आजी, मी तुम्हाला लिंक पाठवतो. "लिंक नको, मला माणूस हवाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी विचारलं, "बरं वाटण्याची खात्री आहे का?" पलीकडून मोठ्या उत्साहानं सांगण्यात आलं, की शंभर टक्के, आम्ही गॅरंटीच देतो. "गॅरंटी मिक्सरची असते," सासूबाई म्हणाल्या आणि वहीत त्या नावावर काट मारली. तिसरा नंबर लागला तेव्हा एका बाईंचा शांत आवाज आला, "मी आत्ता एकांबरोबर बसले आहे. आपल्याला चार वाजता फोन करते, चालेल?"

सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. चार वाजता फोन वाजला. चार म्हणजे चार. सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक छटा आली, जी सहसा फक्त वेळेवर आलेल्या गॅसवाल्यासाठी असते.

त्यांनी प्रश्न सुरू केले. मराठीत बोलता का, ऐकता की सल्ले देता, शिक्षण कुठवर. त्या बाईंनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. मग त्यांनी एकच प्रश्न उलटा विचारला. "ज्यांच्यासाठी आपण विचारताय, त्यांना यायचं आहे का?"

सासूबाई गप्प झाल्या.

"मग आधी त्यांना विचारा. त्यांना वाटलं तर त्या स्वतः मला फोन करतील. आपण काळजी करताय हे कळलं मला. पण पुढचं त्यांच्याशीच बोलेन."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि वहीत त्या नावाखाली रेघ ओढली. मग मला म्हणाल्या, "ही बाई बरी आहे. तिनं मला गप्प केलं."

पुढे त्यांनी पत्ता सांगितला आणि माझं तोंड उतरलं. बाई येरवड्याला बसत होत्या. पुण्यात कुणी कुणाला 'येरवड्याला जा' म्हटलं तर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिथं तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही आहे. शाळेत आम्ही शिक्षकसुद्धा ती थट्टा सर्रास करायचो. मी म्हटलं, "आई, येरवड्यालाच मिळाल्या का?"

"येरवड्यात माणसं राहतात," त्या म्हणाल्या. "लाखभर तरी असतील. तुला फोन करायचा तर कर, नाहीतर नको करू. मला आता बोलायची बंदी आहे."

मी दोन दिवसांनी फोन केला.

बाईंचं घर एका गल्लीत होतं. पुढच्या खोलीत त्यांच्या भावाचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय होता. आजोबांपासून चालत आलेला. जाताना खळीचा वास यायचा, दोन कारागीर वह्यांच्या गठ्ठ्यांना दोरा घालत बसलेले असायचे. मागे छोटं अंगण आणि त्याला लागून बाईंची खोली. दोन खुर्च्या, एक तांब्या-भांडं, एक खिडकी. त्या पुण्यातल्या जुन्या मुस्लिम घरातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या. सुती साडी, केस मागे बांधलेले. त्यांचं मराठी माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंपेक्षा शुद्ध होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की त्या औषधं देत नाहीत, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील आणि तसं पाठवणं म्हणजे काही भयंकर नाही. मग म्हणाल्या, "आणि एक. आपलं जमतंय असं तुम्हाला चार-पाच भेटींत वाटलं नाही, तर तसं मला सांगा. मी दुसरं कुणी सुचवेन. मला वाईट वाटणार नाही."

मी माझी हकीकत सांगितली. क्रमवार, मुद्द्यांसकट. लक्षणं, वारंवारता, परिणाम. फळ्याशिवाय घेतलेला तासच तो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"हेच तुम्ही तिकडे, माहेरी, कसं सांगितलं असतं?"

मला हसू आलं. आमच्याकडचं बोलणं मी पुण्यात कधीच बोलले नव्हते. शाळेत रुजू झाले त्या पहिल्या महिन्यात मी "मी पेपर तपासून राहिली आहे" असं म्हणाले आणि सगळी स्टाफरूम हसली. वाईट हेतूनं नव्हे. पण त्या दिवसापासून मी जिभेला इस्त्री केली ती केलीच. बाई थांबल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "मले... मले काही सुदरत नाही." आणि पुढे शब्दच नाही आला. मी रडत होते. अशी रडत होते की पुढच्या खोलीतल्या कारागिरांना ऐकू जाईल, याचंही मला काही वाटलं नाही.

त्या रडण्यातून माझी माय बाहेर आली.

माय करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मला जाता आलं नाही. भावानं मोबाईल धरला आणि तिला नेलं ते मी शनिवार पेठेत बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझा नववीचा ऑनलाइन तास होता. तो मी घेतला. लोकांनी फार कौतुक केलं. आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, की ती आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "ये नं वं एकदा," ती म्हणत होती. माझा तास सुरू व्हायला दोन मिनिटं होती. मी म्हटलं, "माय, ऐकू येत नाही गं नीट, मी मग करते फोन." ऐकू येत होतं. चांगलं स्वच्छ ऐकू येत होतं. आणि मग फोन करायचा राहिला.

बाईंनी त्यावर, तुमची काही चूक नाही, असं म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मी कदाचित पुन्हा गेले नसते. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं एकट्यानं वाहिलंत हे." पाण्याचं भांडं त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि माझं आवरेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या.

पुढे मी दर आठवड्याला जाऊ लागले. शाळा सुटल्यावर बस, बसमधून उतरून दहा मिनिटं चालणं. चमत्कार काही झाला नाही. धडधड व्हायची. पण ती आली की तिच्याशी भांडायचं नाही, श्वास हळू सोडायचा, ती ओसरते हे बघायचं, हे मी शिकत गेले. दोन-तीन महिन्यांनी बाई म्हणाल्या, "आता मंडईत जाऊन बघू या. एकदम भाजी नको. नुसतं दारापर्यंत. सोबत कुणी असलं तरी चालेल, पण त्यांनी 'काही होत नाही' असं म्हणायचं नाही."

घरी येऊन मी हा निरोप सासूबाईंना सांगितला. "म्हणजे मी गप्प राहायचं," त्या म्हणाल्या. "त्या बाईंना माझी फार भीती दिसते."

पहिल्या खेपेला आम्ही दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या खेपेला फुलवाल्यांपर्यंत. तिसऱ्या रविवारी आत गेलो आणि बरोबर मधोमध, कांद्याच्या ढिगांपाशी, ते आलं. पाय गेले, कानात सूं सुरू झालं. मी सासूबाईंचा दंड धरला. लोक ढकलून पुढे जात होते. त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. एक शब्द नाही. नुसतं आपल्या पिशवीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत मला जागा करून देत होत्या. एक जण "अहो आजी, बाजूला व्हा की," म्हणाला, त्याला त्यांनी अशी नजर दिली की तो लांबून वळसा घालून गेला. पाच मिनिटं लागली असतील. मग सगळं उतरलं. मी कांदे घेतले. एक किलो हवे होते, तीन घेतले.

बाहेर आल्यावर आम्ही चहाला बसलो. सासूबाईंनी बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"ट्रंक कॉलला तीन मिनिटं असायची. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये येऊन सांगायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का. मी तेवीस-चोवीस वर्षांची असेन. एक कॉल जोडला. पलीकडच्यानं बाईला सांगितलं, की तुझा भाऊ गेला. ती नुसती रडत होती, बोलत काहीच नव्हती. तीन मिनिटं झाली. मी मध्ये गेले आणि म्हटलं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का. तिला काय कळणार, ती रडतेच आहे. नियम होता. मी लाइन काढली."

त्यांनी चहा प्यायला.

"पन्नास वर्षं झाली. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

बाईंचा नियम आता मी पाळला. काही होत नाही, असं मी म्हटलं नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी चांगला मिनिटभर राहू दिला, आणि मग म्हणाल्या, "कांद्यांचं काय करणार आहेस एवढ्या?"

मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं, की तुम्हीही येता का बाईंकडे. "मला काय धाड भरलीये," त्या म्हणाल्या. पण त्यानंतर अधूनमधून, भाजी निवडताना किंवा दुपारी आडवं पडल्यावर, त्या एक्स्चेंजच्या गोष्टी सांगू लागल्या. गमतीच्याही असायच्या, नसलेल्याही. नवरा एकदा म्हणाला, "मी हिचा मुलगा आहे आणि यातली एक गोष्ट मला माहीत नाही."

बाईंकडे माझं वर्ष झालं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, की मायच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही वडिलांशी कधी बोललात का. मी नव्हते बोलले. बाबा अजून गावातच भावाजवळ राहतात. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे पाऊस, तब्येत, जेवली का. त्या दिवाळीत मी एकटीच गावी गेले, बारा दिवस राहिले. चौथ्या दिवशी अंगणात बाबा तूर पाखडत बसले होते, तेव्हा मी तो फोन त्यांना सांगितला. बाबा हातातलं सूप थांबवून ऐकत राहिले.

"कोणता फोन वं?" ते म्हणाले. त्यांना तो माहीतच नव्हता. माय घरात त्याबद्दल काही बोललीच नव्हती. "त्या आठवड्यात तर ते पापडाच्या मागं लागून होती. तुले पाठवाचे होते म्हणे. मले उन्हात बसवे राखणीले." आणि मग म्हातारा हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. "काऊन नाही सांगितलं इतके दिवस? मी होतो नं अठी."

मायनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं, असं यावरून सिद्ध होत नाही. विज्ञानाच्या बाईला एवढं कळतं. पण बारा दिवस आम्ही दोघं तिच्याबद्दल बोललो. तिचे पापड, तिचा राग, तिनं कसं एकदा बैल विकू दिला नाही ते. तिची लुगडी आम्ही दोघांनी मिळून काढली, उन्हात घातली, गावातल्या बायकांना वाटली. एक मी ठेवलं.

परत आल्यावर बाईंना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, आणि जाताना म्हणाल्या, "आता महिन्यातून एकदा या. वाटलं तर." त्यांच्या घरातून बाहेर पडताना मला परीक्षा संपलेल्या मुलीसारखं हलकंही वाटलं आणि थोडं पोरकंही. गल्लीच्या तोंडाशी येऊन मी एकदा वळून पाहिलं. दारात कारागीर बांधलेल्या वह्या टेम्पोत चढवत होते आणि बाई एका हातानं दार धरून त्यांना काहीतरी सांगत होत्या.

मला अजूनही कधीतरी धडधड होते. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि ती जाईपर्यंत मुलांचं नाटक पाहिलं. नाटक फारच वाईट होतं.